अंगठा, अ‍ॅग्रीमेंट आणि सिबिल

उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तलासरीचा एक तरुण डहाणूत खोली बघायला आला. डहाणू रोडहून उंबरगाव रोड तिसरंच स्टेशन, शिवाय मुलीची शाळा जवळ. भाडं पटलं, डिपॉझिट पटलं. मग घरमालकाने विचारलं, "सिबिल काय आहे?" तरुण गप्प झाला. हप्त्यावर घेतलेला मोबाइल दोन महिन्यांत बिघडला, तेव्हा रागाने त्याने शेवटचे तीन हप्ते भरलेच नव्हते.

भाडेकरार नोंदवून देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो.

सिबिल हे मुळात कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या, २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचं नाव. अशा चार कंपन्या देशात आहेत आणि त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे. लोक ज्याला सिबिल म्हणतात तो स्कोअर, म्हणजे ३०० ते ९०० मधला आकडा, कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांसाठी असतो. घरमालकाला तो परस्पर काढता येत नाही. भाडेकरूने स्वतः काढून दाखवला तरच दिसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये तर स्कोअरचा उल्लेखच नाही.

इकडच्या माणसाचं सिबिल बिघडतं ते बहुतेक वेळा छोट्या रकमांनी. गटाच्या कर्जात बायका एकमेकींना जामीन राहतात. दिवाळी झाली की कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, आणि गावातला हप्ता चुकतो. कुणी वसुलीवाल्याशी तडजोड करून कमी पैशांत खातं मिटवतो. रिपोर्टवर मात्र 'सेटल्ड' असा शेरा राहतो, 'क्लोज्ड' नव्हे. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याच्यापुढे आकड्याऐवजी उणे एक किंवा 'एनएच' येतं. ते खराब सिबिल नव्हे, ती कोरी पाटी आहे. हे घरमालकांना बसून समजावून सांगावं लागतं.

कर्ज आणि माणसाची पत यांचा हिशेब या मुलखाने फार सोसला आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली 'लग्नगडी' व्हायचा. नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबायची, तरी कर्ज फिटायचं नाही. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावातून, शामराव आणि गोदावरी परुळेकर या कार्यकर्त्यांच्या साथीने, वारल्यांनी ही वेठ झुगारली. त्याच तालुक्यातल्या माणसाला तीन हप्त्यांपायी उंबऱ्यावरून परत पाठवणं मला मान्य नाही.

घरमालकाची भीतीही खोटी नसते. भाडं थकलं तर त्याने काय करायचं? त्याचं उत्तर लेखी करारात आहे. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा करार नसताना वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची तरतूद कलम २४ मध्ये आहे.

तरुणाने पगाराच्या तीन स्लिपा आणि कारखान्याचं पत्र आणलं. थकलेले हप्ते भरून ना-हरकत दाखला घेतला आणि घरमालकापुढे सगळं उघड ठेवलं. एक महिन्याचं डिपॉझिट जास्त द्यायचं ठरलं. मी एकच अट घातली: ते अ‍ॅपवरून कर्ज काढून द्यायचं नाही. त्याने ते दोन पगारांत विभागून दिलं.

नोंदणीच्या दिवशी आधारसाठी अंगठा लावायचा होता. मशीनवर काम करून बोटांच्या रेघा झिजलेल्या, यंत्राने दोनदा नाकारलं. त्याने नळावर हात धुतले, शर्टाला कोरडे केले. तिसऱ्यांदा अंगठा जुळला. अकरा महिन्यांचा करार झाला. त्याच कराराची प्रत त्याने पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत दिली.

घर शोधायला निघण्याआधी आपला रिपोर्ट पाहा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो पूर्ण आणि फुकट मिळतो. भरलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दिवाळीच्या सुट्टीत या कामासाठी अर्धा तास काढा, आणि भट्टीवर निघालेल्या शेजाऱ्याचाही रिपोर्ट काढून द्या.