डोंगर नसलेल्या देशाचा चित्रकार

डेन्मार्क म्हटला कीं सपाट जमीन, गाई आणि लोणी, एवढें आम्ही भूगोलाच्या तासास मुलांकडून म्हणवून घेत असूं, आणि परीक्षेपुरतें तें पुरेसेंही होई. त्या देशाशीं आपल्या लोकांचा जुना संबंध आहे, हें मात्र क्रमिक पुस्तकांत नसे. तंजावर प्रांतांतील तरंगंबाडी हें बंदर १६२० पासून डेन लोकांच्या हातीं होतें. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य झालें तेव्हां त्यांसही हे लोक सालिना खंड भरीत, आणि १८४५ सालीं त्यांनीं तें बंदर इंग्रजांच्या कंपनीस विकून टाकलें. पण आज आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांविषयीं नव्हे. आमचा भाचा नोकरीनिमित्त कोपनहेगन येथें असतो. त्यानें गेल्या दिवाळींत तिकडच्या एका चित्रकाराच्या चित्रांचें जाडजूड पुस्तक आम्हांस धाडलें. तेव्हांपासून तें आमच्या मेजावर आहे. चित्रकाराचें नांव योहान थॉमस लुंडबी.

लुंडबी जन्मला १८१८ च्या सप्टेंबरांत, झीलंड बेटावरील कालुंडबोर या गांवीं. बाप लष्करांत अधिकारी होता. मुलगा चौदाव्या वर्षीं राजधानींतील कला-विद्यालयांत दाखल झाला. त्या काळीं डेन्मार्कची अवस्था पडत्या घराण्यासारखी झाली होती. १८०७ सालीं इंग्रजी आरमारानें कोपनहेगनवर तोफांचा भडिमार केला, १८१३ सालीं सरकारी खजिन्याचें दिवाळें निघालें आणि १८१४ सालीं नॉर्वे हातचा गेला. नॉर्वेबरोबर गिरिशिखरें आणि धबधबेही गेले. खुद्द डेन्मार्कांतील सर्वांत उंच नैसर्गिक स्थळ समुद्रसपाटीपासून अवघें १७१ मीटर भरतें!

अशा देशांतील चित्रकारानें काढावें तरी काय? आम्ही संस्कृत काव्यावर वाढलेले. भव्य असेल तेंच वर्णनीय, असा संस्कार आमच्या हाडींमाशीं खिळलेला. कुमारसंभवाचा आरंभ हिमालयापासून होतो. मेघदूतांत नुकत्याच नांगरलेल्या माळजमिनीचा सुवास येतो खरा, परंतु मेघ तेथें फार वेळ थांबत नाहीं. त्यास पुढें अलकानगरीस जावयाचें असतें. युरोपांतील चित्रकारांचीही अलकानगरी ठरलेली होती, ती म्हणजे इटली. लुंडबी मात्र त्या नांगरलेल्या जमिनीपाशींच थांबला. आपल्या प्रिय डेन्मार्कचें चित्र त्याच्या अंगच्या साधेपणासह व विनयासह रेखाटावें, हेंच आपल्या आयुष्याचें कार्य, असा निश्चय त्यानें १८४२ सालीं लिहून ठेवला आहे. वय अवघें तेवीस-चोवीस!

निश्चय नंतरचा, कृति आधींची. एकवीस वर्षांचा होण्याच्या सुमारास, १८३९ सालीं, त्यानें रेफ्सनेस येथील एका पुरातन पाषाण-समाधीचें चित्र काढलें. माळावरचा उंचवटा, त्यावर प्राचीन लोकांनीं रचलेल्या प्रचंड शिळा, भोंवतीं गवत आणि वर मोठें आकाश. सांगण्यासारखी कथा त्यांत नाहीं. तें चित्र विकत घेतलें कोणी? थोरवाल्डसेन या जगद्विख्यात मूर्तिकारानें, जो चाळीस वर्षें रोमांत काढून १८३८ सालीं मायदेशीं परतला होता. ज्यानें रोम पोटभर पाहिलें त्यास घरचा माळ आवडावा, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र १८४३ चें ‘डेन्मार्कचा एक किनारा’ हें होय. फलक सुमारें अडीच मीटर रुंद. इसेफ्योर्ड खाडीच्या कांठचा उंच कडा, पायथ्याशीं धोंडे, पलीकडे पाणी. येथें मात्र आमचें त्याच्याशीं जमत नाहीं. जाणते लोक सांगतात कीं, तो कडा त्यानें प्रत्यक्षाहून भव्य करून काढला आहे, आणि चित्रास त्या विशिष्ट स्थळाऐवजीं साऱ्या देशाचें नांव दिलें आहे. विनयाचें व्रत घेतलेल्या माणसासही देशाची ठेंगणी काया थोडी उंच करून दाखवावीशी वाटली! आमचे विद्यार्थीही ‘माझी मायभूमि’ या निबंधांत हिमालय आणि गंगाच लिहीत. गांवचा ओढा एकानेंही कधीं लिहिला नाहीं.

त्यापेक्षां त्याच्या गाई पाहाव्या. गुरें काढण्याचे धडे त्यानें एका पशु-चित्रकारापाशीं गिरविले होते. त्याच्या गाई देखाव्याची शोभा वाढविण्यासाठीं उभ्या केलेल्या नाहींत. खुरांत चिखल, पाठीवर हाडांचे उंचवटे, आणि मुद्रेवर एक प्रकारचा निश्चिंत कंटाळा. कालुंड नांवाच्या कवीच्या मुलांसाठींच्या बोधकथांचें पुस्तक १८४५ सालीं निघालें, त्यांतील चित्रें लुंडबीचींच. भूगोलाच्या शिक्षकाच्या संवयीनें एक गोष्ट सांगतों: लुंडबीच्या वेळचा डेन्मार्क परदेशीं विकी तें धान्य. लोण्याची थोरवी मागाहूनची. पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ ची. म्हणजे त्यानें ज्या गाई काढल्या त्यांस अद्याप देशाच्या भाग्यविधात्या म्हणून कोणी ओळखत नव्हतें.

१८४४ सालीं होयेन नांवाच्या कलापंडितानें एक गाजलेलें व्याख्यान दिलें. कलावंतांनीं आपली भूमि, आपला इतिहास, आपले शेतकरी व कोळी यांकडे वळावें, असा त्याचा उपदेश होता. लुंडबीवर या पंडिताचा प्रभाव मोठा. उपदेश चांगला, आम्हींही तसे पुष्कळ केले आहेत. पण ज्यानें आपण होऊन गवतावर प्रेम केलें त्याच्या डोक्यावर राष्ट्राचें ओझें ठेवावें काय, हा प्रश्न आम्हांस सोडीत नाहीं. सरकारी वेतनावर तो १८४५ त इटलीस गेला; तेथेंही त्यानें गुरें काढलीं, आणि घरच्या ओढीनें तो कष्टी असे. त्याच्या स्वभावांत मूळचीच खिन्नता होती, प्रेमांतही निराशा पदरीं आली होती. १८४८ च्या वसंतांत श्लेस्विग प्रांतावरून युद्ध पेटलें, तेव्हां तो स्वयंसेवक म्हणून सैन्यांत शिरला. थोड्याच दिवसांत, एप्रिल महिन्यांत, बेडस्टेड येथें शत्रूशीं गांठ पडण्यापूर्वींच, स्वपक्षाच्याच बंदुकींतून चुकून सुटलेली गोळी लागून तो मेला. तिसावें वर्षही पुरें उलटलें नव्हतें. त्याच सालीं सप्टेंबरांत थोरवाल्डसेनचें संग्रहालय लोकांस खुलें झालें. तो पाषाण-समाधीचा माळ आजही तेथेंच आहे.

ज्या प्रांतासाठीं तो गेला तो १८६४ सालीं डेन्मार्कनें गमावला. बेडस्टेडसह त्याचा उत्तरेकडील भाग १९२० सालीं लोकमत घेऊन परत मिळाला. आमच्या पुस्तकांत शेवटाजवळ १८४७ चें एक चित्र आहे: शरद् ऋतु, व्हालेकिल्डे गांवाजवळील हांकेहोय नांवाची जुनी समाधि-टेकडी, आणि शेतांवर पसरलेला पिंवळट उजेड. त्यांत सैनिक नाहींत, निशाण नाहीं, कोणाविषयीं राग नाहीं. हें पान आम्ही पुष्कळदां उघडतों.