मिटलेली फांदी

वृक्षासारखी फांद्याफांद्यांची यादी सोयीची असते, यात शंका नाही. आमच्या ग्रंथालयातील संगणकावर पुस्तकांच्या विषयांची यादी अशीच आहे. आधी दिसतात फक्त दहा मोठे विभाग. नावाशेजारच्या अधिक चिन्हावर टिचकी मारली की पोटविभाग उलगडतात आणि अधिकचे उणे होते. उणे दाबले की सारे पुन्हा मिटते. हजारो विषय एका पडद्यावर मावतात ते या उघडझाकीमुळेच.

पण मिटलेली फांदी दिसत नाही, हेही तितकेच खरे. ही यादी ज्या दशांश वर्गीकरणावर बेतली आहे, ते मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केले. त्यात साहित्याचा क्रमांक ८००. तो उघडला की इंग्रजी ८२०, जर्मन ८३०, फ्रेंच ८४० लगेच भेटतात. मराठी कुठे? आधी ८९० म्हणजे 'इतर साहित्य' उघडायचे, मग ८९१, मग ८९१.४ हा आधुनिक भारतीय-आर्य भाषांचा गट, आणि शेवटी ८९१.४६. इंग्रजी दुसऱ्या पायरीवर, तर तुकोबांची मराठी पाचव्या!

वाट ठाऊक असणाऱ्याला पाच पायऱ्या जड नाहीत. पण माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला 'इतर' या शब्दाआड आपली मायबोली असेल हे सुचावे कसे? तो दुसऱ्या पायरीवरूनच परततो आणि पुस्तकच नाही असे समजतो.

ही उतरंड भाषांच्या योग्यतेची मात्र नव्हे. ती मांडणारा कुठे उभा होता, एवढेच ती सांगते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडले. त्यात इंग्रजीचा भाषांक १११ आणि मराठीचा १५५. दोघींचेही आकडे तीनच. ड्यूईच्या पद्धतीतही स्थानिक साहित्याला आखूड क्रमांक देण्याची मुभा आता आहे. म्हणजे कोणती फांदी कोणत्या पातळीवर ठेवायची, हा माणसाचा निर्णय असतो, आणि निर्णय बदलता येतो.

मग आमच्या यादीत मराठीची एवढी एक फांदी सुरुवातीपासूनच उघडी ठेवली तर? त्यासाठी क्रमांक बदलायला नकोत की कपाटे हलवायला नकोत. नवा विद्यार्थी मात्र रिकाम्या हाताने परतणार नाही.