नांवें राहिलीं, गांवें गेलीं

स्कॉटलंडच्या अगदीं उत्तर किनाऱ्यावर, सदरलंड परगण्यांत, 'फार' नांवाचा एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेंत येणारा मुलूख. आमच्या भाषेंत 'फार' म्हणजे पुष्कळ. येथें मात्र वस्ती अगदीं तुरळक. या पॅरिशांतून नेव्हर नदी उत्तरेकडे वाहत जाऊन समुद्रास मिळते. तिच्या रुंद खोऱ्यास स्ट्रॅथनेव्हर म्हणतात. आम्ही तेथें गेलों तेव्हां हातांत मोठा नकाशा होता, आणि त्यानेंच आम्हांस बुचकळ्यांत पाडलें. कागदावर गांवांचीं नांवें ठिकठिकाणीं. डोळ्यांपुढें पाहावें तों मेंढ्या, झाडी आणि पाणी. घर म्हणून क्वचित्‌च दिसे.

यांत नदीचें नांव सर्वांत पुराणें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें आपल्या भूगोलांत 'नाबारुस' म्हणून जी नदी दिली आहे, ती हीच असें विद्वान मानतात. पुढें नॉर्वेकडील दर्यावर्दी आले. रोझल म्हणजे घोड्यांचें कुरण, लँगडेल म्हणजे लांब दरी, हीं त्यांच्या भाषेंतलीं नांवें. मग गेलिक भाषेचा अंमल बसला. नेव्हर सरोवराच्या कांठीं ग्रम्मोर व ग्रम्बेग अशीं दोन गांवें होतीं. त्यांतील 'मोर' म्हणजे थोरलें व 'बेग' म्हणजे धाकटें. आमच्या बुद्रुक-खुर्दाची ही जोडी तेथें भेटल्यावर आम्हांस त्या परक्या मुलखांत घरच्यासारखें वाटूं लागलें. परंतु थोरलें काय आणि धाकटें काय, दोहोंच्याही आतां भिंतींच्या रांगाच तेवढ्या उरल्या आहेत.

हें कोणा शत्रूच्या स्वारीनें झालें नाहीं. सदरलंडच्या जमीनदारांस कुळांच्या खंडापेक्षां मेंढपाळीचा मक्ता अधिक किफायतशीर वाटला, आणि १८१४ व १८१९ या सालीं खोरें रिकामें करण्यांत आलें. कारभारी पॅट्रिक सेलर यानें स्वतःच तेथील मेंढवाड्याचा मक्ता घेतला होता. घरें जाळल्याबद्दल व मनुष्यवधाबद्दल १८१६ सालीं इन्व्हर्नेस येथें त्याच्यावर खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. कुळें दरिद्री होतीं, पिकें बुडत, हें जमीनदारांच्या बाजूचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. पण दारिद्र्यावर तोडगा म्हणून डोक्यावरचें छप्पर पेटवून देणें हा उपाय आमच्या बुद्धीला तरी पटत नाहीं. त्या वृक्षहीन मुलखांत छपराचे वांसे हीच कुळाची मोठी मालमत्ता असे. ते जळाले म्हणजे परत येण्याची आशाच खुंटली.

रोझल येथें आम्ही बराच वेळ काढला. सभोंवार वनखात्याची झाडी आणि मध्यें हें मोकळें हिरवें माळरान. १९६२ सालीं होरेस फेअरहर्स्ट या संशोधकानें येथें उत्खनन केलें. घरें लांबट, एका टोंकास माणसें व दुसऱ्या टोंकास गुरें, एकाच छपराखालीं. कोठारें आहेत, आणि धान्य वाळविण्याच्या भट्ट्याही आहेत. त्या ओलसर हवेंत धान्य उन्हांत वाळत नाहीं, म्हणून भट्टी. आमच्या घरच्या स्त्रियांनीं ती भट्टी फार न्याहाळून पाहिली. वाळवणाची चिंता कोणत्याही देशांतील गृहिणीस सांगावी लागत नाहीं! याच गांवचा डोनल्ड मॅक्लाउड नांवाचा पाथरवट पुढें कॅनडांत गेला. आपण एका रात्रीं टेकडीवरून २५० घरें जळतांना मोजलीं, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

याच मुलखांतील तरुणांची ९३ वी सदरलंड हायलँडर्स ही पलटण १७९९ सालीं उभारली गेली. १८५७ च्या डिसेंबरांत कानपुरास तात्या टोप्यांच्या फौजेशीं जी पलटण लढली, ती हीच. तोंपर्यंत हें खोरें ओस पडून जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं.

हुसकलेल्या लोकांस समुद्रकांठीं जमिनीचे लहान तुकडे देऊन मासे धरण्यास सांगण्यांत आलें. ज्यांनीं आयुष्यभर नांगर धरला, त्यांच्या हातीं जाळें आलें. त्या नव्या वस्तीचें नांव बेटीहिल. ही 'बेटी' कोणाची लाडकी कन्या नव्हे; जिच्या नांवावर ही सारी जमीन होती ती एलिझाबेथ, सदरलंडची काउंटेस, हिचें तें घरगुती नांव. नकाशावर तेंच ठळक छापलेलें आहे.

गेलिक भाषेंत त्याच जागेला 'अम ब्लारान ओअर' म्हणतात. अर्थ एवढाच, कीं करड्या रंगाचें लहानसें शेत.