जुन्या संगणकास नवी स्मृति

संगणक मंद चालूं लागला म्हणजे घरांत दोन पक्ष उत्पन्न होतात. एक म्हणतो, नवाच घ्या. दुसरा म्हणतो, आहे तोच पुरे. परीक्षेचे दिवस जवळ आले कीं पालक मंडळी हा तंटा मजपाशीं घेऊन येतात, आणि अलीकडे तिसरीहि वाट पुढें करतात : "सर, दुकानदार म्हणतो एस्. एस्. डी. बसवा. पैसा सार्थकीं लागेल काय?" या प्रश्नाचें उत्तर मला प्रथम स्वतःच्या घरीं शोधावें लागलें, म्हणून तेथूनच आरंभ करतों.

आमचा संगणक २०१६ सालचा. २०२४ च्या उन्हाळ्यांत थोरली मुलगी दहावींत जाणार होती. कळ दाबल्यापासून लिहावयास बसतां येईपर्यंत किती वेळ जातो, हें घड्याळ लावून पाहिलें. साडेचार मिनिटें भरलीं. नव्या संगणकास सुमारें ३५,००० रुपये पडले असते, आणि जवळजवळ तेवढीच रक्कम आम्हीं पाण्याच्या मोठ्या टाकीसाठीं साठविली होती. उन्हाळा व नळाची वाट पाहणें यांचा संबंध जालन्याच्या वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पत्नीचें म्हणणें थोडक्यांत होतें : तहान लागली म्हणजे संगणक पितां येत नाहीं.

तेव्हां संगणक नेमका कोठें अडतो, हें आधीं पाहणें भाग होतें. हार्ड डिस्क ही रहाटगाडग्यासारखी आहे. हवें तें मडकें वर येईपर्यंत काठावर थांबल्यावांचून गत्यंतर नसतें. तिची चकती मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे करते. ७,२०० म्हणजे सेकंदास १२०. ऐकावयास हा वेग प्रचंड वाटतो, तथापि वाचणारी भुजा योग्य जागीं जाऊन माहिती तिच्याखालीं येईतों सेकंदाचे दहापंधरा सहस्रांश जातातच. संगणक सुरू होतांना अशा हजारों लहान फाइली शोधाव्या लागतात, आणि थेंब थेंब सांचून त्यांचीं मिनिटें होतात. एस्. एस्. डी. मध्यें फिरणारें असें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण अडकवून ठेवलेले असतात, व वीज गेली तरी ते तेथेंच राहतात. या जातीची फ्लॅश स्मृति तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत काढली. हवा तो कप्पा येथें हार्ड डिस्कच्या मानानें शंभरपट किंवा त्याहूनहि लवकर सांपडतो. मोठी फाइल सलग वाचावयाची झाली तर जुन्या साटा जोडणीवर हा लाभ चारपांच पटींचाच असतो. जाहिरातींत मात्र सलग वाचनाचेच आंकडे ठळक छापतात, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

दोष कोणाचा हें ओळखण्यास कारागीर लागत नाहीं. विंडोज असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. "डिस्क" या रकान्यांत आंकडा शंभराशीं खिळलेला व इतर रकाने स्वस्थ दिसले, तर अडसर चकतीचा. "मेमरी" भरलेली असल्यास आधीं रॅम वाढवावी. केवळ इंटरनेट मंद असेल, तर दोहोंपैकीं कशालाहि पैसे देऊं नयेत. आमच्याकडे आठ जी. बी. रॅम अर्धी रिकामी होती आणि डिस्क मात्र शंभरावर. २५६ जी. बी. ची एस्. एस्. डी. सुमारें २,००० रुपयांत बसली. साडेचार मिनिटांचें काम अर्ध्या मिनिटांत होऊं लागलें, आणि टाकीचें बांधकाम त्याच महिन्यांत सुरू झालें. उलट बदनापूरकडील एका पालकांच्या संगणकांत एस्. एस्. डी. आधींपासूनच होती, रॅम तेवढी चार जी. बी.; तरी दुकानदार त्यांस आणखी मोठी एस्. एस्. डी. घ्या म्हणून आग्रह करीत होता! त्यांस मीं रॅमच घ्यावयास सांगितलें.

माझी किंमत आज प्रमाण मानूं नये. २०२५ च्या अखेरीस हे भाव बरेच चढले. शिवाय एस्. एस्. डी. बसविल्यानें जुना संगणक तरुण होत नाहीं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि आमच्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ साठीं पात्र नाहीं. आम्हीं त्यावर उबुंटू घातलें. तें विनामूल्य मिळतें, त्यांत मराठीहि लिहितां येतें, व मुलीचें काम अडलें नाहीं. ज्यांस विंडोजवरच चालणारा एखादा विशिष्ट प्रोग्रॅम लागतो, त्यांनीं मात्र खर्चापूर्वीं हा हिशेब करावा.

एका बाबतींत मी जुन्या चकतीचा पक्षपाती आहें. तिला धक्का सोसत नाहीं हें खरें, परंतु बिघडण्यापूर्वीं ती पुष्कळदां कुरकुरते. एस्. एस्. डी. कधीं कधीं चकार शब्द न काढतां बंद पडते, आणि मग तींतील माहिती परत मिळविणें फार कठीण व खर्चाचें जातें. वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत पडून राहिल्यास तिचे विद्युत्कणहि हळूहळू पाझरतात. म्हणून काढलेली हार्ड डिस्क मीं टाकून दिली नाहीं. ती स्वस्त पेटींत बसवून ठेविली आहे. तिच्यावर माझ्या वडिलांनीं सांगितलेल्या येथील कापूसबाजाराच्या गोष्टी त्यांच्याच आवाजांत आहेत. चकतीला दहा वर्षें होत आलीं. एक प्रत आतां एस्. एस्. डी. वर आहे, आणि तिसरी पुण्यास बहिणीच्या घरीं.