सड्या, तुझं पाणी

सड्या, तुला कापलं तेव्हा तू आतून ओला निघालास. वरून पाहणाऱ्याला हे खरं वाटलं नसतं. वर काळा कातळ, वैशाखात अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. आत पिवळा, तांबूस, मधूनच जांभळट, भोकाभोकांचा जांभा. ताजा असताना मऊ, वारा लागला की कडक. या गुणापायी कोकणात घरं उठली, गडगे उठले, आणि त्याच गुणापायी तू गेलास.

६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनभर लाव्हा वाहिला, थिजला, त्याचा काळा खडक झाला. पुढचं काम पावसाचं. लाखो वर्षं ऊनपाऊस त्या खडकाला आळीपाळीनं झिजवत राहिले. सिलिका विरघळून गेली, चुना गेला, क्षार गेले. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं हटलं नाही. तू म्हणजे ते न हटलेलं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घ्यायचास आणि त्यातला कितीतरी पोटात ठेवायचास. भोकांतून झिरपत पाणी खालच्या चिकणमातीवर टेकायचं, तिथून आडवं वळून उतारावर फुटायचं. तोच आमचा झरा, तेच पाटाचं पाणी, त्याच्यावरच पोफळी. दोन अंगांना दोन खाड्या, पुढे समुद्र, आणि मधे गोड्या पाण्यानं भरलेला तू.

मालवणसमोर कुरटे बेट आहे. १६६४ साली महाराजांनी त्यावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांच्या त्या खडकावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी असताना विहिरींना अशी नावं ठेवणाऱ्यांना घोटाघोटाची किंमत ठाऊक असणार. बेटाची कड डोळ्यांना दिसते, म्हणून तिथे माणूस जपून वागतो. तुझी कड आम्हाला दिसली नाही. सातबाऱ्यावर तू पोटखराबा.

खराबा कसला! पहिले पाऊस पडले की तुझ्या फटींतून दीपकाडी वर यायची, शास्त्रीय नावातही कोकणचं नाव लावणारी, पांढरीशुभ्र. मग गेंद. मग भाद्रपदात सीतेची आसवं, मैलभर निळीजांभळी. तुझ्या मातीत पोषण नाही, म्हणून ती इवली झाडं पाण्यातले सूक्ष्म जीव पिशव्यांत पकडून जगतात. इतक्या कमीत इतकं फुलवणारी दुसरी जमीन मी पाहिलेली नाही.

आणि माणसं! हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी तुझ्याच भाऊबंदांवर बसून चित्रं कोरली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी आहेत. देवाचे गोठणे येथे कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. बारसू, उक्षी, रुंढेतळी, कुडोपी: ही नावं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पण यादीत शिल्प येतं ते सापडल्यावर. तुझ्या अंगावर काय होतं, ते पाहायला कोणी माती झाडलीच नाही. चौकोनी चिरे होऊन ते कुठल्या कुठल्या भिंतींत गेलं असेल, गिलाव्याखाली, उलट्या बाजूला. हे मला सोसत नाही.

माझं घरही चिऱ्याचंच. हातानं चिरे निघत तेव्हा ते गावच्या घरांपुरते निघत. एका भिंतीला माणसाचा महिना जाई. आता गोल पात्यांची मशीन्स एका हंगामात एवढं खातात की दुसऱ्या वर्षी वाट चुकावी. भरलेले ट्रक घाट चढून जातात. मागे उरतात सरळ कडांचे खड्डे, आणि खालच्या वाडीची विहीर होळीलाच तळ दाखवते.

पूर्वेकडची एक पट्टी अजून राहिली आहे. यंदाच्या आषाढातही तिच्यावर दीपकाडी आली. पावसापुरती खाण बंद आहे. पाणी ओसरलं की पाती पुन्हा लागतील. त्याआधी, नवरात्रात, वाडीतली पोरं आणि मी खराटे घेऊन ती पट्टी झाडणार आहोत, कातळ लागेपर्यंत.