आजीच्या प्रश्नाचं उत्तर

मोडनिंब, ता. माढा

चि. अनुजास,


तुझ्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को तिकिटावर जायला आणि यायला वेगवेगळा वेळ पाहून आजीने बिनतोड प्रश्न टाकला. "बार्शी लाइट रेल्वेने पंढरपूरला जायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच यायला. मग इमानालाच काय झालं?" तुझ्या भावाने 'पृथ्वी फिरते म्हणून' असं ठोकून दिलं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, तेव्हा ते कारण टिकत नाही. खरं कारण तुलाही कळावं म्हणून हे पत्र.

शाळेतला पृथ्वीगोल आणला आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुतळी ताणली. ती रशियावरून उत्तर ध्रुवाजवळून गेली. "एवढ्या गारठ्यातनं?" आजी म्हणाली. हे सर्वांत जवळचं अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. पण विमान नेहमी सुतळीवरून जात नाही.

विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला ताशी १०० चा वारा पाठीशी मिळाला, तर १२,००० किलोमीटर बारा तासांत होतात. तोच समोरून आला, तर पंधरा तास लागतात.

म्हणूनच ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० च्या घरात गेली, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. म्हणजे जवळपास दोन तास वाचले. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे आजीला काही पटेना. शेवटी मी म्हटलं, "आपण नाही का, खड्ड्यांचा जवळचा रस्ता सोडून हायवेने जात?" तेव्हा कुठे मान हलली.

याउलट जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला येताना थेट उत्तर ध्रुवावरची वाट धरली. पण वाऱ्याइतकाच माणसांच्या भांडणांचाही हिशेब असतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आकाश बंद केलं. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना वळसा पडतो, इंधन जास्त जळतं आणि काहींना वाटेत उतरून ते भरावं लागतं.

हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात, आणि तू नेमकी तेव्हाच येणार. वारा समोरून आला तर उशीर ठरलेला. म्हणून दिल्लीहून पुण्याचं पुढचं विमान घेताना मध्ये चार-पाच तास मोकळे ठेव. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पुण्याला गाडी घेऊन मी येतोच.

तुझा,
मामा