५४ मिनिटांची ओळख

आमचा हॉस्टेलचा वॉचमन एकदा चेहरा ओळखला, की आय-कार्ड मागत नाही. आयबीएम मेनफ्रेमवर मेसेजच्या रांगा सांभाळणारा एमक्यूचा क्यू मॅनेजरही तसाच! रॅकएफला एकदा विचारतो, मग युजरची माहिती स्वतःच लक्षात ठेवतो. टाइमआउट ५४ मिनिटं, इंटरव्हल १२, ही डिफॉल्ट. पण ५४ मोजायची शेवटच्या वापरापासून. म्हणजे सतत मेसेज टाकणाऱ्याची ओळख पुसलीच जात नाही. इंटरव्हल शून्य केला तर (‘लगेच’ असं वाटतं खरं!) तपासणीच बंद. टाइमआउट फार कमी केला, तर रॅकएफकडे खेटे वाढतात. मला विचाराल तर परवानगी काढल्यावर घड्याळाच्या भरवशावर बसू नये. रॅकएफमधला बदल पक्का करून सरळ ‘रिफ्रेश सिक्युरिटी’ द्यावा. आणि बदललेले आकडे सीएसक्यूआयएनपी१ मध्ये लिहावेत, रीस्टार्टनंतर ते राहत नाहीत.